ब्रिजिडचे माहेर

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफिल्म रीडर आहे. रीडर म्हणजे वाचणारा. पण खरे सांगतो, मला एक अक्षरही वाचता येत नाही. माझ्या पोटात दिवा आहे, वर भिंग आहे, पुढे पांढरा पडदा आहे. फिल्मच्या रिळावर नखाएवढी पाने असतात. ती मी ताटाएवढी मोठी करून दाखवतो. वाचायचे काम माणसांचे. ती माझ्यासमोर बसून पुटपुटत वाचतात, आणि मला जे कळते ते ऐकून कळते.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. करडा रंग, जाड पत्रा, उजव्या हाताला हँडल. ट्रकमधून मी टोरोंटोला एका वाचनालयात आलो आणि खिडकीपासून लांब, अंधाऱ्या कोपऱ्यात बसलो. माझ्यासारख्याला अंधारच लागतो.

माझ्याकडे रिळे होती आयर्लंडची. तिथल्या चर्चमधल्या जुन्या वह्यांचे फोटो त्यांच्यावर होते. एका चर्चखाली जेवढी गावे येतात त्या सगळ्यांना मिळून पॅरिश म्हणतात. पॅरिशमध्ये मूल जन्मले की पाद्री त्याच्या डोक्यावर पाणी घालायचा आणि वहीत लिहायचा: मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आणि साक्षीला उभ्या राहिलेल्या गॉडफादर-गॉडमदरचे नाव. आईचे आडनाव मात्र तिच्या लग्नाआधीचे लिहायचा.

कॅनडात पुष्कळ लोकांचे पणजोबा दुष्काळात आयर्लंडहून जहाजाने आले. त्यांची नातवंडे-पतवंडे शनिवारी माझ्यापुढे रांग लावत. एखाद्याला आपला माणूस सापडला की तो आधी गप्प होई, मग शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून त्याला पडद्यावर बोट दाखवी. तो क्षण मी कितीदा पाहिला, तरी प्रत्येक वेळी माझा पंखा जरा जोरात फिरायचा.

मला सांभाळायच्या त्या चित्राताई. नागपूरच्या. त्या वाचनालयात नोकरीला लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत मी त्यांच्याच ताब्यात होतो. मऊ फडक्याने रोज माझी काच पुसत. नव्या माणसाला बसवून सांगत, "हळू फिरवा. घाई केली की पूर्वज पुढे निघून जातो."

मग संगणक आले. माझी रांग आटली. कोणीतरी माझ्या डोक्यावर झाडाची कुंडी ठेवली, आणि तिचे पाणी माझ्या पत्र्यावरून ओघळत राहिले. चित्राताई निवृत्त झाल्या त्याच वर्षी मलाही भंगारात काढायचे ठरले. त्यांनी अर्ज करून मला रिळांच्या खोक्यासकट मागून घेतले. त्यांचे यजमान उल्हासराव गाडी घेऊन आले. ते टोरोंटोजवळच्या वॉनला एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर होते. मोजके बोलणारे गृहस्थ.

"अहो, सावकाश. काच आहे," चित्राताई म्हणाल्या.

"हे धूड ठेवायचं कुठे? बेसमेंटमध्ये आधीच ट्रेडमिल आहे."

"त्या ट्रेडमिलवर तुम्ही कधी चालता का? मी हे रोज चालवीन."

आणि त्यांनी चालवले. टोरोंटोतल्याच एटोबिको भागात त्यांच्या घरात, बेसमेंटमध्ये, ट्रेडमिलच्या शेजारी.

शेजारच्या घरात मिस्टर कॉनली राहतात. ऐंशी पार केलेले, एकटे. चित्राताई त्यांना चिवडा देत, ते यांच्या दारातला बर्फ काढायला पोरे बोलावून देत. त्यांचे पणजोबा मायकल कॉनली आयर्लंडहून आले, एवढेच त्यांना ठाऊक होते. चित्राताई म्हणाल्या, "तुमचा मायकल मी शोधून देते." किलमोरन नावाच्या पॅरिशच्या रिळावर त्यांना मायकलचे आईबाप सापडले, पॅट्रिक कॉनली आणि ब्रिजिड नोलन. त्याची धाकटी भावंडे एकामागून एक सापडली. थोरला मायकल तेवढा सापडेना. जणू तो जन्मलाच नाही आणि एकदम जहाजात जाऊन बसला.

एका सकाळी चित्राताईंनी एक नवीन रीळ चढवले. ते किलमोरनचे नव्हते, हे मला कळले, कारण किलमोरनचे ओरखडे मला पाठ होते. "बघू या," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि हँडल फिरवू लागल्या. मध्येच थांबल्या. कपाळावर हात ठेवला. "चक्कर येतेय. उरलेलं उद्या." दिवा बंद केला, माझ्यावर कापड घातले आणि कठड्याला धरून वर गेल्या.

तो उद्या आला नाही. आठवड्याभरात त्या हॉस्पिटलमध्ये वारल्या.

वर्षभर मी कापडाखाली होतो. उल्हासराव कपडे धुवायला खाली यायचे तेव्हा माझ्याकडे पाठ करून उभे राहायचे.

यंदा मार्चमध्ये, मित्रांनो, एक दिवस वर बेल वाजली. बेसमेंटचे दार उघडे होते म्हणून मला सगळे ऐकू आले. मिस्टर कॉनली चित्राताईंचा स्टीलचा डबा परत करायला आले होते. ते इंग्रजीत बोलत होते, पण मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"डबा वर्षभर माझ्याकडेच राहिला, उल्हास. आत मी भाजलेले गोड स्कोन आहेत. रिकामा डबा परत करायचा नाही, असं तिनंच मला शिकवलं."

"बसा ना. कुठे जाताय का? नवा कोट दिसतोय."

"मुलांनी आयर्लंडचं तिकीट काढलंय. शनिवारी निघतो. या वयात पुन्हा काही जाणं होणार नाही. मायकलच्या डोक्यावर जिथं पाणी घातलं तिथं एकदा उभं राहायचं होतं, आता नुसतंच हिंडून येईन." मग घाईने म्हणाले, "नाही, मी आठवण करून द्यायला नाही आलो."

ते गेले. थोड्या वेळाने जिना वाजला. माझ्यावरचे कापड निघाले. उल्हासराव माझ्यासमोर बसले, आणि माझ्या दिव्याला वर्षाने उजेड आला.

पडद्यावर चित्राताईंनी सोडलेले पान उमटले. ते कुठले, कशाचे, उल्हासरावांनी बघितलेच नाही. ते तिने सोडलेले आहे, एवढेच त्यांच्या डोळ्यांना दिसले. रीळ गुंडाळले तर ते पान हरवेल म्हणून त्यांनी रिळाच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या मधल्या फिल्मसकट अलगद उचलल्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आणि डबा वर नेऊन तिच्या कपाटात ठेवला. मग खाली येऊन किलमोरनचे रीळ चढवले.

मला ओरडावेसे वाटले. तेच रीळ बघा, तेच! पण मला पंखा आहे, जीभ नाही.

दोन दिवस ते किलमोरन पुन्हा पुन्हा फिरवत राहिले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, त्यांची मुलगी केया आली. तिला सातवा महिना लागला होता. ती ट्रेडमिलच्या कडेला उशी टाकून बसली.

"बाबा, धिस इज ऑल ऑनलाइन नाऊ."

"बघितलं. मायकल कॉनली टाइप केलं की शेकड्यांनी मायकल येतात. त्यातला आपला कुठला?"

"आपला?" केया हसली. "अंकल कॉनलींचा ना?"

"तुझ्या आईनं शब्द दिला होता. म्हणजे आपलाच." हँडल फिरवत ते पुढे म्हणाले, "आणि तू इकडे कधी येतेस? वरची खोली मी रिकामी केलीय."

"बाबा, आपलं बोलणं झालंय यावर. हॉस्पिटल आमच्या कॉन्डोपासून दहा मिनिटांवर आहे. राजसनी बाबा होणार म्हणून सुट्टी पण अप्लाय केलीय."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतं."

"आई नाहीये, बाबा. कोण करणार?"

"मी करीन. डिंकाचे लाडू यूट्यूबवर बघीन."

"तुम्हाला चहा पण नीट येत नाही."

"मग शिकीन. माझी आई गेली होती माहेरी, तुझी आईसुद्धा तुझ्या वेळी थेट नागपूरला गेली होती. विमानानं. जगात कुठलीही पोर पहिल्या वेळेला आपल्या आईकडे..."

बोलता बोलता त्यांचा हात हँडलवर थांबला.

"केया, ही ब्रिजिड कुठे गेली असेल गं?"

"कोण ब्रिजिड?"

"मायकलची आई. मायकल पहिला मुलगा. आपण त्याला बापाच्या गावात शोधतोय."

केया उशीवरून उठली. मित्रांनो, त्या क्षणी माझा पंखा असा घरघरला की उल्हासरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"तिचं माहेर कुठलं, कसं कळणार?" केया म्हणाली.

"तू वाच. तुझे डोळे चांगले. धाकट्यांच्या वेळेला साक्षीला कोण कोण होतं?"

केया पडद्याला नाक लावून वाचू लागली. "मार्गारेट नोलन. मग परत मार्गारेट नोलन. बाबा, ही प्रत्येक वेळी गॉडमदर आहे. नोलन म्हणजे ब्रिजिडची बहीण असणार. बेसिकली, मावशी."

"मावशीच येणार. ती कुठून येते?"

"थांबा. इथे लिहिलंय. मार्गारेट नोलन, बॅलीद्रीन." केयाने फोन काढला. "नदीच्या पलीकडे. शेजारची पॅरिश."

उल्हासरावांनी खोके जमिनीवर पालथे केले. रिळांच्या डब्या घरंगळत ट्रेडमिलखाली गेल्या. ते गुडघ्यांवर बसून एकेक डबी उचलत होते. बॅलीद्रीनची डबी केयाच्या पायाशी सापडली. तिने झाकण उघडले.

"रिकामी आहे, बाबा."

उल्हासराव खाली फरशीवरच बसून राहिले. "आधीच एकच दिवस उरलाय," ते म्हणाले. "उद्या ते सामान बांधतील."

"मी फोनवर बघते," केया म्हणाली आणि बोटे चालवू लागली. "बॅलीद्रीन आलं. पण साइटच्या यादीत कॉनली एकही नाही. पानं इतकी फिकट आहेत की यादी करणाऱ्याला वाचता आली नसतील. आईला ते रीळ मिळालं होतं का? डबी आहे, म्हणजे..."

ती बोलत असतानाच उल्हासराव उठले. जिना चढले. वर कपाटाचे दार करकरले. ते खाली आले तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा डबा होता आणि ते लहान मुलासारखे धापा टाकत होते.

"हे तिनं लावून ठेवलं होतं. मीच काढून ठेवलं."

चकत्या केयाने चढवल्या. पडद्यावर तेच पान आले, चित्राताईंनी सोडलेले. त्याच्या वर पाद्र्याच्या अक्षरात पॅरिशचे नाव होते. केयाने वाचले, "बॅलीद्रीन." मग ती म्हणाली, "आईला आधीच कळलं होतं, बाबा."

"तिला कळणारच. तुझ्या वेळी ती दोन महिने माहेरी राहून आली होती."

"फिरवा ना."

"हळू," ते म्हणाले. "घाई केली की पूर्वज पुढे निघून जातो."

शाई फिकट होती. माझा दिवा जुना आहे, पण मी अंगात होता नव्हता तेवढा उजेड त्या पानांवर ओतला. एक पान गेले, दुसरे गेले. आणखी काही गेली. केया माझ्या पडद्यावर बोट ठेवून ओळीओळीने उतरत होती. काचेवर बोटांचे डाग पडले, मला त्याचे काही वाटले नाही.

मग ती गप्प झाली. मी ती शांतता ओळखली. तिने वडिलांचा दंड धरला.

"मिखाएल. म्हणजे मायकलच, लॅटिनमध्ये. पॅट्रिक कॉनली, ब्रिजिड नोलन. गॉडमदर मार्गारेट नोलन."

उल्हासरावांनी त्या ओळीवर बोट टेकवले. "सापडला गं," ते म्हणाले. ते केयाला म्हणाले असे मला वाटत नाही.

मिस्टर कॉनलींना त्यांनी काहीच आधी सांगितले नाही. हाताला धरून जिना उतरवले आणि माझ्यासमोर बसवले. म्हाताऱ्याने चष्मा लावला, काढला, पुसून पुन्हा लावला. ती ओळ ओठांत वाचली.

"म्हणजे तो आजीच्या घरी जन्मला," ते म्हणाले. "आम्ही तीन पिढ्या चुकीच्या गावाकडे तोंड करून बसलो होतो. चित्राला सांगायला हवं होतं."

"पान तिनंच लावून ठेवलं होतं. मी फक्त थोडं पुढे फिरवलं."

मिस्टर कॉनली उठता उठता म्हणाले, "आणि तिचं काय? चित्राच्या आईचं माहेर कुठलं?"

चित्राताईंच्या वडिलांचे गाव, आजोबांचे, पणजोबांचे नाव उल्हासराव घडाघडा सांगू शकत होते. सासूचे माहेर त्यांना माहीत नव्हते. केयालाही नव्हते.

त्यांनी तिथूनच, माझ्या शेजारी उभे राहून, नागपूरला मेहुण्याला फोन लावला. "अरविंद, झोपला नव्हतास ना? सगळं ठीक आहे. मला सांग, आईंचं माहेर कुठलं रे? वर्धेजवळ? गावाचं नाव सांग. थांब, केयाला देतो, ती लिहून घेईल."

मिस्टर कॉनली बॅलीद्रीनला जाऊन आले. चर्चच्या चार भिंतींपैकी दीड उरली आहे, पण बाळाच्या डोक्यावर घालायच्या पाण्याचे दगडी कुंड शाबूत आहे. त्यात हात बुडवलेला त्यांचा फोटो आता माझ्या बाजूला चिकटवला आहे. केया गेल्या आठवड्यात बॅगा घेऊन वरच्या खोलीत राहायला आली. लाडू फार कडक झाले, असे ती म्हणते, तरी डबा अर्धा संपला आहे.

मित्रांनो, मी काही आता रांगा लागाव्यात असे म्हणत नाही. माझा दिवा किती दिवस चालेल, कोणास ठाऊक. तुमच्या घरी माझ्यासारखे जुने काही असेल तर त्याच्या डोक्यावर कुंडी ठेवू नका, एवढे मागतो. आज घरी गेल्यावर आजीला विचारा, तिच्या आईचे माहेर कुठले. विचारायला आजी आहे तोवर ते एका वाक्याचे काम आहे. आणि तुमच्या माणसाने एखादे काम अर्ध्यावर सोडले असेल, तर ते जपून कपाटात ठेवू नका. पुन्हा चढवा, आणि जिथे त्यांचा हात थांबला तिथून पुढे, हळू, फिरवा.