वीस मिनिटं थांबलेलं हृदय

उंदराचं हृदय भिजवलेल्या वालाच्या दाण्यापेक्षा थोडंसंच मोठं असतं. वजन साधारण एक ग्रॅम. ते काचेच्या नळीला बारीक दोऱ्याने बांधायचं आणि आतून कोमट खारं पाणी, थोडी साखर, प्राणवायू सोडत राहायचं. मग शरीराबाहेरही ते मिनिटाला अडीचशे वेळा धडधडतं. सहा वर्षं मी हे करते आहे, तरी पहिल्या ठोक्याला नोंदी लिहायची थांबते.

१९९६च्या डिसेंबरात मी अब्बांना आमच्या बेलापूरच्या प्रयोगशाळेत घेऊन आले. त्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. घरापासून मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागे. डॉक्टरांनी बायपास सांगून चौदा महिने झाले होते आणि अब्बांचं उत्तर ठरलेलं होतं, "हृदय बंद करनार म्हनतात. बंद केलेलं चालू करनारे ते कोन?"

वाद घालून मी थकले होते. एकदा बघायला या, एवढंच म्हटलं.

अब्बा स्टुलावर बसून काचेपाशी वाकले. आत नळीला बांधलेलं हृदय धडधडत होतं.

"या उंदराला विचारलं होतंस का गो?"

"नाही."

"बरा हाय त्याचा. मला रोज विचारतेस."

आमचे तंत्रज्ञ गोटीराम हसले. "चाचा, सही नाही घेतली, पण भूल दिलेली."

"डोकं नाय, अंग नाय. मग ह्याला चाल कोन म्हनतं?"

"कुणीच नाही. त्याचं ते चालतं," मी म्हटलं. "आता मी ते थांबवते."

मी थंड, पोटॅशियम घातलेलं द्रावण सोडलं. पाच-सहा ठोके लांबले आणि हृदय निपचित झालं.

"मेला?"

"थांबलं. बायपासच्या वेळी असंच थांबवतात."

वीस मिनिटं थांबायचं होतं. तेवढ्यात मी त्यांना माझं काम सांगितलं. हृदय एरवी जास्त करून चरबी जाळून चालतं. थांबून जागं होताना त्याला साखर मिळाली तर ते लवकर सावरतं का, हे मी मोजते. हेही सांगितलं, की पन्नासातली चार परत चाललीच नाहीत. आणि हे उंदराचं हृदय आहे, माणसाचं नाही.

"खरं सांगतेस, तेवढं बरं," अब्बा म्हणाले.

मी कोमट पाणी सुरू केलं. काही झालं नाही. दहा सेकंद, वीस. आजच पाचवं निघालं असतं तर मी त्यांना पुन्हा कधीच काही सांगू शकले नसते. तिसाव्या सेकंदाला वरच्या कडेला नुसती थरथर दिसली. गोटीराम पुढे सरकले. मी त्यांना हाताने अडवलं.

चाळीस. एक ठोका पडला. मोठा खंड. दुसरा. मग ते चालूच लागलं, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

अब्बांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला.

"तू हात नाय लावलास."

"नाही."

"कुनीच नाय लावला." त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "सुभानल्ला."

गोटीरामांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. हृदयावरची नजर न काढता ते म्हणाले, "बतूल, डॉक्टरकडून तारीख घे. माझा थांबवा म्हनावं."