आदितीचा सा

मित्रांनो, मी एक जुनी पेटी. पुस्तकात मला हार्मोनियम म्हणतात, पण त्या नावानं कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. सागवानाचं अंग, पितळेचे सूर आणि हवा भरणारा भाता, एवढाच माझा संसार. कोडोलीच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेची पदं म्हणताना माझ्या मालकांनी, आण्णांनी, मला चाळीस वर्षं वाजवलं. नवा माणूस गायला बसला की म्हणायचे, "दमा पावणं, तुमचा सा कुठं हाय बघू आधी." मग त्याच्या गळ्याला सोसेल ती पट्टी धरून तिलाच सा मानायचे. सा एका जागी बसून राहत नाही. ज्याचा गळा, त्याचा सा.

आण्णा गेले आणि मी कोल्हापुरात त्यांच्या मुलाकडे, वृषभकडे आले. दोन वर्षं कपाटावर पडून होते. मग त्याची नऊ वर्षांची आदिती गाण्याच्या क्लासला जाऊ लागली. वृषभनं मला हौसेनं पुसलं आणि माझ्या पांढऱ्या पट्ट्यांवर कागदाचे तुकडे चिकटवले: सा, रे, ग, म... माया होती हो त्यात! पण तिथंच घात झाला.

आदितीच्या व्याख्या तोंडपाठ. सप्तक म्हणजे सात स्वरांचा समूह. आरोह म्हणजे चढणं, अवरोह म्हणजे उतरणं. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. पण गाताना आरोहात धैवतापाशीच तिचा गळा ताणायचा आणि वरच्या साला आवाज फाटायचा. तिचा आवाजच मुळात खालचा, कागदावरचा सा तिला उंच पडायचा. तिचा सा होता खालच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीवर. तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"अगं, समोर लिवलंय की! बघून म्हण," वृषभ म्हणायचा.

"बघूनच म्हणतीय पप्पा. न्हाय लागत."

"आण्णांची नात हायस तू! लोक हसतील."

रविवारी परीक्षा. शुक्रवारी ती माझ्यापुढं बसून रडायलाच लागली. "मला गाताच येत न्हाय. आता कधीच गाणार न्हाय मी."

मित्रांनो, माझा भाता इतका कासावीस कधी झाला नव्हता. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पोरी, गळा चांगलाय तुझा, जागा चुकलीय! पण कुणी बोट ठेवल्याशिवाय मला बोलता येत नाही.

तेवढ्यात तिचं कोपर माझ्या काळ्या पट्ट्यांवर पडलं. चौथ्या पट्टीची जुनी स्प्रिंग मी धरून ठेवली नाही. तुटू दिली. पट्टी खालीच राहिली. तिचा हात सवयीनं भाता हलवत होता, आणि तो एकच सूर वाजत राहिला. हुंदक्यातला तिचा आवाज त्यात मिसळला. ती थबकली. हळूच म्हणाली, "सा..." मग एकेक स्वर चढत गेली. वरचा सा आला. फाटला नाही.

वृषभ धावत आला. "बिघडली व्हय गं? थांब, काढतो ती पट्टी."

"हात लावू नका पप्पा! हितं माझा सा हाय."

"तिथं कुठं लिवलंय?"

"न्हाय लिवलेलं. पण लागतोय."

तो खाली बसला. पांढऱ्या पट्टीवरचा 'सा'चा कागद नखानं सोलून काढला.

आज शनिवार, उद्या परीक्षा. तुटक्या स्प्रिंगमुळं हा सूर आता सारखा वाजत राहतो, दुसऱ्या कुणाचं गाणं माझ्यावर वाजणार नाही. मला दुरुस्त करतील की पुन्हा कपाटावर टाकतील, ठाऊक नाही. मित्रांनो, आमच्यावरची धूळ जरूर पुसा. पण लेकराचा आवाज फाटला, तर 'तुला येत नाही' म्हणण्याआधी दोन-चार पट्ट्या खाली सरकून बघा. तेवढ्यासाठी एखाद्या पेटीला स्वतःला मोडून घ्यायला लावू नका.