एका फिडलवर दोघे भाऊ

शनिवारी दुपारी शाळेच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. पार केंटकी राज्यातून लोक आले होते. मी मात्र सकाळी सातलाच खुर्ची टाकून पहिली रांग पकडली होती. फिडलच्या, म्हणजे आमच्या गावरान व्हायोलिनच्या, स्पर्धेत मागे बसणाऱ्यांची मला कीव येते. गजाची करकर कशी अंगावर यायला हवी.

माझा नवरा डेन्झिल अंतिम फेरीच्या पाच जणांत होता. याआधी चार वेळा दुसरा आलेला. पहिल्या नंबरची निळी फीत एकदा तरी घरी आणायचीच म्हणून यंदा त्याने आपल्या आईची चाल काढली. आठ वर्षं त्या चालीला हात लावला नव्हता, कारण ती दोघा भावांनी मिळून वाजवायची. डेन्झिल गज ओढायचा आणि धाकटा आर्वेल समोर उभा राहून त्याच फिडलच्या तारांवर विणायच्या दोन सुयांनी ताल धरायचा. मग एकदा चारचौघांत आर्वेल म्हणाला, "दादा, तू लय सोडून पळतोस." झालं, डेन्झिलने त्याच्याशी बोलणंच टाकलं.

माझ्याशी मात्र आर्वेलचं कधी वाकडं नव्हतं. आजही तो माझ्या शेजारीच बसला होता. माझ्या हातात अर्धा विणलेला मोजा होता.

डेन्झिलने पहिला गज मारला आणि माझ्या अंगावर काटा आला. काय वाजवत होता! पण चाल दुसऱ्यांदा फिरली आणि तो लय सोडून सुटलाच.

"वहिनी, निघाला बघा घोडा."

"मला कान आहेत."

"जाऊ मी?"

स्पर्धेत एका फिडलला एकच माणूस आणि चारच मिनिटं, दुसऱ्याचा हात लागला की नाव बाद. तोंड बघून गुण देऊ नयेत म्हणून परीक्षकांना वर्गात कोंडलेलं असतं, पण सुयांची टकटक त्यांना कर्ण्यातून ऐकू गेलीच असती. खोटं कशाला बोलू, ती फीत मला डेन्झिलपेक्षा जास्त हवी होती. भिंतीवरची जागासुद्धा मी ठरवून ठेवली होती.

मी मोज्यातून दोन सुया उपसल्या.

"जा. माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

आर्वेल मंचावर चढला. डेन्झिलने त्याला पाहिलं. गज थांबला नाही, त्याने फक्त खांदा वळवून तारा पुढे केल्या. सुया पडल्या आणि चाल जागेवर आली. मैदान उसळलं. लोक खुर्च्या लाथाडून मंचासमोर नाचायला टाकलेल्या फळ्यांवर टाचा आपटायला लागले, आणि त्यांत मी सगळ्यांत पुढे, नव्याने बसवलेल्या गुडघ्यासकट.

तेवढ्यात निवेदक माईक घेऊन डेन्झिलजवळ आला.

"वर्गातून निरोप आलाय. तुझं नाव बाद झालं रे."

"मग चार मिनिटांची अटही गेली ना?" डेन्झिलने वाजवता वाजवताच विचारलं.

"गेली की."

"आर्वेल, पुन्हा पहिल्यापासून घे."

आठ वर्षांत भावाला मारलेली ती पहिली हाक होती.