कुंडीतली बदकीण

जिना चढतानाच तिला शिलाई मशीनची घरघर ऐकू आली आणि तिचा जीव हरखला. आई गेल्यापासून बाबांनी मशीनला हात लावला नव्हता. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, पण स्वतःच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर तसंच लोंबकळू द्यायचा. आज मात्र स्वारी एक अगडबंब गादी शिवत होती.

"बाबा, ही कुणासाठी?"

"हळू बोल. बाईसाहेब बसल्यात." बाबांनी गॅलरीकडे बोट केलं.

सिमेंटच्या कुंडीत, वाळलेल्या गुलाबाच्या बुंध्याशी, डोळ्यांभोवती तपकिरी डाग असलेली एक बदकीण ऐसपैस बसली होती.

"रोज एकेक करत अंडी घातली, परवापासून बसलीय," बाबा कौतुकानं सांगू लागले. "पिल्लं निघाली की आई खाली जाऊन हाका मारते आणि ती सरळ उड्या टाकतात म्हणे. तिसऱ्या मजल्यावरून! डोकी फुटतील की. म्हणून गादी."

इतकी वाक्यं एका दमात ते कितीतरी महिन्यांनी बोलले होते. आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ही बदकं म्हणजे तिची नोकरीच होती. कुणा हौशी माणसानं शोभेसाठी बाहेरदेशातून आणून ती गावाच्या तळ्यात सोडली, आणि बघता बघता तळं त्यांचं झालं. पाणकोंबड्यांची घरटी ती बळकावत, त्यांची पिल्लं पाण्यात दाबून मारत. गेल्या हंगामात पाणकोंबडीचं एकही पिल्लू जगलं नव्हतं. म्हणून ती या बदकांची घरटी शोधून ताज्या अंड्यांना तेल चोपडायची. मग आत पिल्लू धरत नाही. अंडी उचलली तर बदकीण पुन्हा घालते, म्हणून ती तिथंच ठेवायची. बिचारी ऊब देत बसून राहते.

एका घरट्याकडे डोळेझाक केली तर काय बिघडणार आहे, असं तिच्या मनात आलं. पण ही पिल्लं इथून तळ्यावरच जाणार होती. शेवटी तिनं बाबांना सगळं सांगून टाकलं.

बाबा भडकले. "बाहेरची म्हणे! हिला कुणी विचारलं होतं का, यायचंय म्हणून?"

"नाही विचारलं. चूक माणसांचीच आहे. पण पाणकोंबड्यांनी तरी कुणाचं घोडं मारलंय, बाबा?"

तिनं ओट्यावरची तेलाची बाटली घेतली आणि ती गॅलरीत गेली. बदकीण पंख पसरून फिस्कारत अंगावर आली.

"सरक," बाबा मागून म्हणाले. "माझ्या हाताला ती काही करत नाही."

आणि खरंच, बदकिणीनं त्यांचा हात पोटाखाली जाऊ दिला. त्यांनी एकेक अंडं बाहेर काढलं, तान्ह्या बाळाचं अंग पुसावं इतक्या हळुवारपणे तेल लावलं आणि परत ठेवलं. बदकीण चोचीनं अंडी सारखी करून पुन्हा बसली. ते बघून लेकीला रडूच फुटलं.

"किती दिवस बसेल?" बाबांनी विचारलं.

"कंटाळेपर्यंत. काही जणी फार दिवस बसतात."

"तिला कळतं का?"

"नाही."

"मला कळतंय ना. मग एकटीला कसं बसू देऊ?" त्यांनी खुर्ची ओढून कुंडीजवळ घेतली. "तू जा तळ्यावर. पाणकोंबड्यांना पिल्लं झाली की येऊन सांग मला. फोनवर नको, ये. पण इथं नको सांगूस. मला आत बोलाव. हिच्यासमोर नको."