‘मागे’ हा शब्द मी शिकलो तेव्हा

माझ्यात एकही चित्र नाही, मित्रांनो. मी नुसत्या शब्दांचा बनलेला जुना संगणक-खेळ आहे. टास्मानियात हौसेने गुहांत उतरणाऱ्यांच्या एका मंडळाच्या कपाटात फ्लॉपीवर पडून असतो. गणित शिकवणाऱ्या बेवबाईंनी मला १९८५ साली लिहिलं. गावाजवळच्या नोरा गुहेची एक्केचाळीस दालनं त्यांनी माझ्यात उतरवली.

तुम्ही जायची दिशा टाइप करायची, समजा ‘उत्तर’. मी म्हणायचो, ‘तुम्ही ओल्या दालनात आहात. पाणी ठिबकतंय.’ पण नोरा भारी वाकडी! उत्तरेला शिरलेला माणूस दक्षिणेला वळला तर भलतीकडेच निघायचा. सगळे अडकायचे. शुक्रवारी मंडळाच्या शेडमध्ये सॉसेज भाजताना डेस, मंडळातला सर्वांत जुना गडी, कुरकुरायचा, “बेव, तुझ्या गुहेतून बाहेर पडेपर्यंत माझं पेन्शन सुरू होईल गं.”

“मग वळून बघत जा की. खऱ्या गुहेत बघतोस ना?”

“खऱ्या गुहेत सॉसेजचा वास येत नाही.”

शेवटी बाईंनी मला ‘मागे’ शिकवलं. आधी मला फक्त आदलं दालन आठवायचं, त्यामुळे दोनदा ‘मागे’ म्हटलं की माणूस पुन्हा होता तिथेच! मग त्यांनी ताटावर ताट ठेवावं तशी सगळी दालनं माझ्या आठवणीत रचली. ‘मागे’ म्हटलं की वरचं ताट उचलायचं. काय कौतुक झालं माझं! मी फुगूनच गेलो.

सगळ्यांत जास्त खेळली सोळा वर्षांची मेरिन. धडाधड आत शिरायची आणि मग मागे, मागे, मागे करत थेट गुहेच्या तोंडाशी. परतीची वाट तिनं कधी पाहिलीच नाही. पाहायची गरज मी ठेवली नव्हती.

त्या जुलैत, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, ती डेसबरोबर खऱ्या नोरात उतरली. तिसरा गडी तापाने पडला, म्हणून दोघंच. खोलवर गेल्यावर डेसचा पाय मोडला.

“मी मदत आणते,” ती म्हणाली.

“वाट सापडेल का पोरी?”

“चाळीस वेळा जाऊन आलेय. नोरा पाठ आहे मला.”

त्या चाळीस फेऱ्या माझ्यातल्या होत्या. डेसने जाऊ दिलं. हे नंतर त्यानेच शेडमध्ये सांगितलं, मान खाली घालून. शोधायला गेलेल्यांना तो दुसऱ्या दिवशी जिवंत सापडला. मेरिन तिसऱ्या दिवशी, माझ्यात नसलेल्या एका कपारीत. दिवा विझलेला. थंडीने तिचा जीव घेतला होता.

दफन झाल्यावर बाईंनी माझ्यातून ‘मागे’ काढून टाकलं.

महिन्याभराने मेरिनची आई आइल्सा तिची फ्लॉपी घेऊन आली. त्यात मेरिनचा अर्धवट खेळ होता. खेळातली मेरिन अजून शेवटच्या दालनात उभी होती.

“हिला बाहेर आणते,” आइल्सा म्हणाली आणि तिनं टाइप केलं, ‘मागे’.

मला सांगावं लागलं, ‘हा शब्द मला समजत नाही.’

बाई तिच्या शेजारी बसल्या. कागदावर रेघा ओढत, चुकत, पुन्हा चुकत दोघींना पाच तास लागले. अखेर मी म्हटलं, ‘तुम्ही गुहेबाहेर आहात. ऊन पडलं आहे.’

आइल्साने ते कितीदा तरी वाचलं. “एवढंच होतं?”



मित्रांनो, मला कपाटातून काढलंत तर खुशाल खेळा. पण कुणी खरोखर अंधारात उतरणार असेल, तर त्याला आत जायची वाट विचारू नका. बाहेर यायची विचारा. आणि ती सांगता येईपर्यंत त्याचा हात सोडू नका.