आमच्या नालछ्याच्या बातमीदाराकडून

निबेत केस अडकला होता, म्हणून 'प्रजावत्सल' हा शब्द सावलीसकट उमटला... चिंतोपंतांनी निब पुसली, केस चिमटीत धरला, काळा की पांढरा ते खिडकीशी नेऊन पाहिलं — पांढराच, दुसरा कुठून असणार! — आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हा सगळा वेळ आपण मुद्दाम काढतो आहोत. पुढचं वाक्य लिहायचं होतं. सोमवारी इंग्रजांचे एजंटसाहेब धारला येणार, दरबार भरणार आणि सरकार, म्हणजे महाराज, भाषण वाचणार. गेली बारा वर्षं ते चिंतोपंतच लिहीत आले होते. यंदा दिवाणकचेरीतल्या भैयासाहेबांनी त्यात एक कलम वाढवून दिलं होतं. छपन्याच्या, म्हणजे संवत १९५६च्या दुष्काळात संस्थानातलं एकही माणूस भुकेनं दगावलेलं नाही. देवासच्या हिंदी साप्ताहिकात माणसं दगावल्याचं पत्र छापून आणणारा नालछ्याचा शाळामास्तर उमाशंकर हा खोटारडा असून त्याला हद्दपार केलं आहे.

खोटारडा! अहो, ते पत्र चिंतोपंतांनीच लिहिलं होतं.

मांडूहून परतताना नालछ्याच्या नाक्यावर त्यांनी एक बाई पाहिली होती, मेलेली, मुठीत खुरासनी चिंचेच्या बिया... घरी येऊन ते जेवले नाहीत, लिहायलाच बसले, आणि हात असा चालू लागला जसा देवासला असताना चालायचा. ते दिवस! एकाच गावात दोन भाऊबंद राजांची दोन राज्यं; थोरल्या पातीनं डोळे वटारले की छपाईच्या खिळ्यांच्या पेट्या उचलून रस्ता ओलांडायचा, धाकट्या पातीत जायचं आणि तिथून छापायचं. संपादक म्हणून सात वर्षं ते असेच नाचले. पण घरी चार तोंडं खाणारी, आणि धारहून बोलावणं आलं... असो. सवय मात्र जात नाही. संपादक असताना प्रत्येक पत्राच्या माथी गावाचं नाव घालायची खोड लागली होती. इथंही सही टाळली, पण हातानं आपसूक घातलंच — 'आमच्या नालछ्याच्या बातमीदाराकडून'. आणि सगळ्या नालछ्यात कागदावर चार ओळी धड लिहू शकणारा माणूस एकच. शोधायला कचेरीला अर्धा दिवसही लागला नाही.

"पंत, झालं का?" भैयासाहेब दारात उभे होते. वाक्य एकदाचं खरडून झालं होतं. त्यांनी मसुदा उचलला, डोळे बारीक करून वाचला. "दुष्काळ कशाला? टंचाई म्हणा. आणि हे 'मेले नाहीत' काढा हो, सरकारच्या तोंडी मेले काय शोभतं?"

"मग काय घालू?"

"ते तुम्ही मला विचारता? शब्दांचे धनी तुम्ही!" ते हसले. "बाकी तो मास्तर लिहितो मात्र झकास, हां. वाचताना माझ्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. लेकाचा वाया गेला."

...आणि चिंतोपंतांना काय झालं असेल? लाज वाटली? भीती? छे. कानाच्या पाळ्या गरम झाल्या, परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारख्या. बारा वर्षांत भैयासाहेबांनी त्यांना झकास म्हटलं नव्हतं. खाल्ल्या मिठाला जागून ते निमूटपणे 'अन्नाअभावी कोणासही देवाज्ञा झाली नाही' असं लिहून मोकळे झाले, आणि वाक्य तोलदार उतरलं हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. थू तुझ्या जिनगानीवर, चिंतामणी.

दिवेलागणीला घरी आले तर ओटीवर उमाशंकर मास्तर बसलेला. अंगरख्याला शाळेचा खडू तसाच. उद्या उजाडताच त्याला हद्द सोडायची होती. बायको भरल्या दिवसांची, आणि बैलगाडीनं सरदारपूर गाठून पुढं कुठं जायचं ते ठरलेलं नव्हतं. चिंतोपंतांच्या पत्नीनं, जानकीबाईंनी, पुढं ठेवलेल्या पाण्याला तो शिवला नव्हता. माफीचा अर्ज लिहून मागायला आला असणार. चिंतोपंतांनी मनात मायना जुळवलाही. आता सांगावं... आत जाऊन पगडी ठेवावी, पाय धुवावेत, मग सांगावं. की अर्जच असा लिहावा की सरकार विरघळतील, म्हणजे सांगायलाच नको?

"अर्ज हवा ना, मास्तर?"

"नहीं, पंतजी. आधी तोच विचार होता." मास्तर आपलं मोडकं मराठी जपून बोलत होता. "पण मी नाही लिहिलं असं म्हटलं, तर लोग समझेंगे की ते झूट आहे. ती बाई मी पण पाहिली. मुलांना दुसऱ्या रस्त्यानं घरी पाठवलं, बस, एवढंच केलं. जिसने लिखा, सच लिखा. मग आज शाळेत मी सांगून टाकलं... हां, मीच लिहिलं."

"तुम्ही?"

"दोन वेळा वाचून दाखवलं मुलांना. लहान पोरं, पण रडली. तुम्ही बडे लिखनेवाले, म्हणून जाता जाता फक्त विचारायला आलो — चांगलं आहे ना, पंतजी?"

'ते माझं आहे!' शब्द अगदी दातांशी आले. हेच तर बोलायचं होतं, एवढ्यानं एक माणूस वाचणार होता, त्याचं घर वाचणार होतं... आणि त्याच क्षणी त्यांना लख्ख कळलं की हे शब्द मास्तराला वाचवायला आलेले नाहीत. ते आपल्या पत्राचं श्रेय मागायला आले होते. तरी बोलावं, हेतू कोण विचारतो? बोल, बोल की!

मास्तर उत्तराची वाट बघत होता, विद्यार्थ्यासारखा.

"चांगलं आहे," चिंतोपंत म्हणाले. "शेवटी जरा लांबलंय."