बिनमयतीची कडू भाकर

“मागच्या दोन हप्त्यांत कामात मन लागत नाई, असं झालं काय? कदीच नाई, काई दिवस, का रोजच?”

रंगूबाईनं पदर सावरून पहिला प्रश्न टाकला, तेव्हा वर्षाराणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळचे अकरा वाजून गेले होते. बाहेर सगळं केनवड गाव सोयाबीनच्या सोंगणीत गुंतलेलं, आणि ही बाई अंथरुणात.

“मावशी, तो कागद माया हाय,” ती भिंतीलाच म्हणाली.

“तुयाच हाय. म्हून तं विचारून राह्यली. सांग.”

रंगूबाईला सहीपुरतंही अक्षर येत नव्हतं, पण वर्षाराणीच्या कागदावरचे ते नऊ प्रश्न तिला तोंडपाठ होते. तीन वर्षांपूर्वी ती स्वतः अशीच पडली होती. तेव्हा गावची आशा-सेविका वर्षाराणी दर पंधरा दिवसांनी तिच्या उशाशी बसून हेच विचारायची, बोटांवर गुण मोजायची. तिनंच रंगूबाईला वाशीमच्या सरकारी दवाखान्यात, दर बुधवारी बसणाऱ्या मनाच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू करवल्या. अकरा वर्षांच्या नोकरीत अशा चौदा जणांना तिनं त्या दवाखान्याची पायरी चढवली होती. कुणाला गोड बोलून, कुणाला दम देऊन. एका पैलवान गड्याला तर तिनं चक्क मेव्हण्याच्या लग्नाचा बस्ता बांधायला चाललोय असं सांगून एसटीत बसवलं होतं.

झोप, भूक, थकवा असं करत रंगूबाई नवव्या प्रश्नापाशी आली आणि तिचा आवाज खाली गेला. “पोरी, जीव नकोसा झाला, असं वाटलं काय?”

वर्षाराणीनं पांघरूण कानापर्यंत ओढलं.

“काई दिवस,” वर्षाराणी म्हणाली.

त्या दिवशी रंगूबाई घरी गेली नाही. अशा माणसाला एकटं सोडायचं नसतं, हेही तिला वर्षाराणीनंच शिकवलेलं. वर्षाराणीचा नवरा हरीओम वावरातून येईपर्यंत ती उंबऱ्याशी तूर निवडत बसली. तो आल्यावर त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हरीओमचा चेहरा पडला. त्यानं फवारणीच्या औषधाचे डबे उचलले आणि गावाबाहेर भावाच्या गोदामात कुलपात ठेवून आला.

मग तो बायकोजवळ बसला. “काय होऊन राह्यलं तुले? कोनी बोललं काय?”

वर्षाराणीनं पडल्या पडल्या त्याला सगळं समजावलं. हा आजार आहे, आळस नव्हे. त्याला कारण लागतंच असं नाही. मेंदूतलं रसायन कमी पडतं, मग माणसाला स्वतःचाच तिटकारा येतो, आणि तो तिटकारा खरा नसतो, आजारच तसं बोलायला लावतो. ऐकणाऱ्याला वाटावं, बाई बैठकीत उभी राहून बोलतेय.

“मंग तुले एवढं सारं समजते,” हरीओम अगदी भाबडेपणानं म्हणाला, “तं ऊठ ना.”

वर्षाराणी रडायला लागली. हरीओम घाबरून गेला. आपण काय वाईट बोललो, हे बिचाऱ्याला कळेना.

पण तिचं दुखणं नेमकं तिथंच होतं. अडाणी माणसाला निदान करणी झाली, बाहेरचं लागलं असं म्हणून मोकळं होता येतं. हिला तीही सोय नव्हती. मी कामचुकार आहे, सगळ्यांना भार झालेय, असं मनात येई. लगेच दुसरं मन म्हणे, हा विचार आजाराचा आहे. तिला ते पटतही असे. आणि पटूनसुद्धा पहिला विचार तस्साच छातीवर बसलेला. वर आणखी लाज, की एवढं शिकवून आपल्यालाच जमेना. इतरांना ती सांगायची, एकच लहान काम करा, तोंड धुवा. आता मोरी आठ पावलांवर होती आणि तिला ती परगावासारखी वाटत होती.

“बुधवारी वाशीमले जाऊ,” हरीओम म्हणाला.

“तिथं मले शिपायापासून सारे ओळखतात. मी लोकाईले घेऊन जाते तिथं. कोनत्या तोंडानं जाऊ?”

दवाखान्यात यायला लाजू नका, असं घसा कोरडा होईस्तोवर सांगणारी हीच बाई. दोन बुधवार तसेच गेले. ती जेवेना. दोन घास गिळायची आणि ताट सरकवायची. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या, आणि हरीओम सोंगणी मजुरांवर टाकून घरीच बसू लागला.

अशात एका दुपारी रंगूबाई आली. डोक्यावर टोपली, टोपलीवर पांढरं धुतलेलं फडकं. कुणाला हाक न मारता ती आत आली आणि टोपली खाली ठेवली. आत ज्वारीच्या भाकरी आणि बेसन होतं.

वर्षाराणीचा सासरा पुंजाजी ओसरीवरून ताडकन उठला. ज्या घरी मयत होते, तिथली चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारपाजारचे अशीच टोपली झाकून, न बोलता भाकर आणतात. तिला कडू भाकर म्हणतात. धडधाकट घरात ती आणणं म्हणजे अपशकुनच.

“रंगूबाई, डोकं फिरलं काय तुमचं? आमच्या घरी कोन मेलं? उचला ते!”

“कोनी मेलं नाई, भाऊ. अन् मरू नये म्हून आनली.” रंगूबाई हात जोडून बोलली, पण टोपलीला तिनं हात लावला नाही. “मी हिले समजावून थकली. हिचेच बोल हिले आयकवले. हिले सारं पाठ हाय, म्या काय सांगू? मंग ध्यानात आलं. मयतीच्या घरी आपन मानसाले ऊठ म्हनतो काय? हिंमत धर, फिरून ये, असं म्हनतो काय? कोनी काई इचारत नाई. घास करतो अन् तोंडापाशी नेतो. म्हून आनली. चुकलं असंन तं माफी करा.”

पुंजाजी पुढं काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला.

“मामाजी, राहू द्या. बराबर आनली तिनं.”

वर्षाराणी भिंतीला टेकून बसली होती. रंगूबाईनं भाकर मोडली, बेसनात बुडवली आणि तिच्या तोंडाशी नेली. वर्षाराणीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ती चावत होती. अर्धी भाकर गेली. पुंजाजी दारात उभा राहून पाहत होता. मग तो गुपचूप तांब्याभर पाणी घेऊन आला आणि सुनेजवळ ठेवून बाहेर गेला.

यानं वर्षाराणी बरी झाली, असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून होती. रंगूबाई पुन्हा टोपली घेऊन आली. पुंजाजी आता काही म्हणेना. असं नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी बुधवार होता. वर्षाराणी पहाटेच उठून बसली, पण मोरीपर्यंत जायला तिला पाऊण तास लागला. मनात एकही आशेचा विचार नव्हता. गेल्यानं काही होईल, असंही तिला वाटत नव्हतं. तरी ती अंघोळ करून, लुगड्याच्या निऱ्या दोनदा सोडून पुन्हा घालून, हरीओमच्या मागं गाडीवर बसली. मला विचाराल तर त्या चौदा जणांना नेण्यापेक्षा हे काम मोठं होतं.

खिडकीवरचा कारकून तिला पाहून हसला. “या ताई. पेशंटचं नाव?”

“वर्षाराणी हरीओम बोडखे,” ती म्हणाली. “वय एकोनचाळीस.”

त्याचा पेन थांबला. चिठ्ठी लिहून त्यानं दोन्ही हातांनी तिच्यापुढं केली.

ती बाकावर बसली. शेजारी अनसिंग गावची एक तरणी बाई होती, पदर तोंडावर ओढलेली, हातात चुरगाळलेली चिठ्ठी.

“ताई,” तिनं हळूच विचारलं, “या गोळ्याइनं फरक पडते काय वं?”

याचं उत्तर वर्षाराणीला झोपेतही देता आलं असतं. तीन आठवडे लागतात, मधेच सोडायच्या नाहीत, सगळं. तिनं आपल्या हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं.

“लोकाईले पडलेला म्या पाह्यला,” ती म्हणाली. “मायं मले माइत नाई. मी आज पयल्यांदाच आली.”

त्या बाईनं तोंडावरचा पदर जरा मागं घेतला. वर्षाराणी बाकावर थोडी सरकली, आणि दोघी आपापला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या.